भट्टीवाल्याची चिमणी

कुठंही गेली की तिची मान आधी वर जाई. दवाखान्यात जा, बँकेत जा, कुणाच्या घरी चहाला जा, आधी छत बघायचं, मग माणसं. छताला चिकटलेली ती पांढरी, उपड्या वाटीसारखी डबी दिसली आणि तिच्यातला बारीक लाल दिवा लुकलुकताना दिसला, की तिच्या जिवाला बरं वाटे. नाही दिसली, तर ती गुपचूप दाराजवळची खुर्ची धरून बसे.

तिचं कामच ते होतं. एका लहानशा कंपनीतर्फे ती ऑफिसं, शाळा, राहत्या इमारती फिरे आणि धूर झाला की बोंब मारणारी ही यंत्रं तपासे. एक लांब काठी, काठीच्या टोकाला पेला, पेल्यात खोट्या धुराचा फवारा. पेला डबीला नेऊन टेकवायचा, फवारा सोडायचा आणि वाट बघायची. दिवा लाल होऊन थांबला आणि जिन्यात सायरन बोंबलला, की डबी शाबूत. नाही बोंबलला, तर शिडी लावून ती उतरवायची, आतली धूळ झटकायची, कोळ्याचं जाळं काढायचं. कोळ्यांना या डब्यांत संसार थाटायला फार आवडतं. एका कोळ्यापायी अख्खी शाळा मैदानात येऊन उभी राहिलेली तिनं पाहिली होती.

रखवालदार तिला धूरवाली म्हणत. "एक डबी आमच्या साहेबांच्या टाळूवर बसवा, ते सारखे धुमसत असतात," हा विनोद तिनं इतक्या ऑफिसांत ऐकला होता की सांगणाऱ्यानं तोंड उघडलं की ती आधीच हसून मोकळी होई. हसून घ्यावं, म्हणजे काम लवकर होतं, असं तिचं मत होतं.

घरी मात्र ती चिमणी. हे नाव वडिलांनी, आप्पांनी, ठेवलेलं. आप्पा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. एक चिमणी कारखान्यात धूर सोडते आणि दुसरी घरात चिवचिवते, असं ते म्हणत. पुढं मोठेपणी याच चिमणीनं धुराची नोकरी धरली, तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागून पाणी प्यावं लागलं.

काचेची भट्टी विझू द्यायची नसते. वर्षानुवर्षं ती पेटतीच ठेवतात, कारण ती गार पडली तर आतली वितळलेली काच जागच्या जागी थिजते आणि भट्टी कायमची बाद होते. म्हणून तिथं दिवसरात्र पाळ्या चालत. भोंगा झाला की एक पाळी आत, एक बाहेर. पण भट्टीवाल्यांचा त्यावर एक नियम होता. भोंगा झाला म्हणून निघायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिला, त्याला भट्टीची तब्येत सांगितली, की मग हातमोजे काढायचे. आप्पांनी हा नियम आयुष्यभर पाळला. धाकट्या मुलाच्या जन्माच्या वेळीसुद्धा ते पुढचा माणूस येईपर्यंत हलले नाहीत, आणि त्याबद्दल आईनं त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

आई गेली. धाकटा भाऊ नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. चिमणीचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. ती वडिलांकडे परत आली आणि दोघांचं बरं चाललं. संध्याकाळी ती दमून येई. आप्पा चहा टाकत, आणि आज कुठल्या इमारतीत काय झालं ते खोदून खोदून विचारत.

मग आप्पा विसरू लागले. सुरुवातीला तर गंमतच होती. चष्मा फ्रिजमध्ये, दुधाची पिशवी कपाटात. म्हातारपणी सगळ्यांचं होतं, असं दोघांनीही धरलं. पण एक दिवस ती घरी आली तर दुधाचं पातेलं गॅसवर करपून काळं झालेलं, घरभर धूर, आणि आप्पा शांतपणे खिडकीशी बसलेले. धुराचा त्यांना काही त्रासच वाटला नव्हता. उभा जन्म धुरात गेलेला माणूस.

तिनं त्याच आठवड्यात घरात यंत्रं बसवली. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं, बाहेरच्या खोलीत धूर ओळखणारं. दिव्याखाली अंधार नको, असं ती आप्पांना म्हणाली. शिडी तिनं स्वतः लावली आणि आप्पांनी ती धरली. धरताना त्यांनी दोनदा विचारलं की हे काय चाललंय. दोनदा तिनं सांगितलं.

पहिल्यांदा सायरन वाजला तो अंड्यांच्या पातेल्यातलं पाणी आटल्यामुळे. ती न्हाणीघरात होती. धावत बाहेर आली तर आप्पा दाराशी बूट घालत होते. अंगात सदरा, काखेत रिकामा डबा.

"कुठं निघालात आप्पा?"

"भोंगा झाला ना," ते म्हणाले. "उशीर होतोय."

ती हसली. हसतच तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आप्पांच्या पायातले बूट काढले. कामावर गेल्यावर साहेबांना हा किस्साही रंगवून सांगितला. साहेब म्हणाले, निदान तुमच्या घरात तरी अलार्म वाजल्यावर कुणीतरी बाहेर पडतं. नाहीतर लोक लांडगा आला म्हणून कुशीवर वळतात.

पुढच्या वेळी ती घरात नव्हती. सायरन वाजला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू किल्ली घेऊन खाली येईपर्यंत आप्पा निघून गेले होते. या काकू घरीच कपडे शिवत. आईच्या वेळेपासूनचा शेजार, म्हणून किल्ली त्यांच्याकडेच असे. त्यांनी चिमणीला फोन केला. ती काठी, शिडी टाकून निघाली आणि दिवेलागणीपर्यंत रस्ते धुंडाळत राहिली. शेवटी आप्पा सापडले ते जुन्या कारखान्याच्या जागी. कारखाना कधीच पाडलेला होता. तिथं आता गाड्या उभ्या करायची जागा होती. आडव्या दांड्यापाशी आप्पा उभे होते आणि तिथल्या माणसाला समजावून सांगत होते की मला आत सोडा, आतला माणूस माझ्यासाठी खोळंबलाय. हमरस्ता त्यांनी एकट्यानं कसा ओलांडला असेल, या विचारानं तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हापासून ती इकडे आड तिकडे विहीर अशी अडकली. सायरन ठेवावा, तर आप्पा वाहनांच्या तोंडी जातात. काढावा, तर एखाद्या दिवशी धुरात गुदमरतात. दुसऱ्यांना बारा प्रकारचे आवाज विकणाऱ्या कंपनीत ती होती. तिनं आवाज बदलून पाहिला. किणकिणणारा लावला, तर आप्पांना तो ऐकूच येईना. माणसाच्या आवाजात 'कृपया इमारतीबाहेर पडा' असं बोलणारं यंत्र आणलं. आप्पांनी त्याच्याशी वाद घातला. तू कोण मला बाहेर काढणारा, घर माझं आहे, असं ते छताकडे बघून म्हणाले आणि मग दिवसभर फुरंगटून बसले. शेवटी तिनं जुनाच सायरन पुन्हा लावला आणि घराच्या दाराला बाहेरून कडी बसवली. दुसऱ्या दिवशी तिनंच ती उपसून काढली. आत माणूस आणि दाराला बाहेरून कडी, हे दुसऱ्या कुणाच्या घरी दिसलं असतं तर तिनं तिथल्या तिथं भांडण केलं असतं.

भावाला फोन केला की तो पोटतिडकीनं बोले, पण तिकडून. डॉक्टर बदल, बाई ठेव, कॅमेरा बसव. एकदा म्हणाला, "ताई, तू रोज हेच काम करतेस ना? तुलाच जमत नाही म्हणजे काय?" त्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी त्या दिवशी ती जेवली नाही. बाई तिनं ठेवूनही पाहिली होती. आप्पांनी तिला चोर ठरवलं, आणि ती बिचारी तिसऱ्याच दिवशी हात जोडून निघून गेली.

काही दिवस तिनं त्यांना कामावर सोबत नेलं. खाली रखवालदाराजवळ बसवायचं आणि वर जाऊन आपलं काम उरकायचं. एका उंच ऑफिसात आग लागल्यावर बाहेर पडायची तालीम होती. सायरन झाला. माणसं चहाचे पेले हातात घेऊन, फोनवर बोलत, रेंगाळत उतरली. आप्पा मात्र ताठ मानेनं, बुटांचा आवाज करत, उलट्या दिशेनं जिना चढू लागले. पाळीवर चालले होते. गर्दीतून वाट काढत ते कुठल्या मजल्यावर पोचले, ते कुणाला कळेना. सापडेपर्यंत ऑफिसच्या व्यवस्थापकांचा आवाज चढलेला होता. साहेबांनी तिला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही आई होती. पण पुन्हा आणू नका, एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी तीसुद्धा तेच म्हणाली असती.

मग उरला एकच उपाय. मुळात पेटूच नये. तिनं रोज सकाळी निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून आपल्या पिशवीत टाकायला सुरुवात केली. काडेपेट्या, मेणबत्त्या, सगळं घराबाहेर. थर्मासमध्ये चहा, ताटात झाकून जेवण. सायरन आता वाजण्याचं कारणच नव्हतं. पहिले काही दिवस तिला गाढ झोप लागली. काम करताना फोन सारखा उघडून बघायचंही ती विसरली.

आप्पांना मात्र करमेना. ते शेगडीचं बटण फिरवत, आणि काही होत नसे. पुन्हा फिरवत. संध्याकाळी ती आल्यावर सांगत, भट्टी गार पडलीय. ती म्हणे, आप्पा, ही शेगडी आहे. ते मान हलवत, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती काळजी खरी होती. थिजलेली भट्टी म्हणजे काय, हे त्यांच्या हाडांना ठाऊक होतं. तिनं त्यांचे हात धरून सांगितलं की भट्टी उद्या पेटेल, माणसं येणार आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. पण ऐकलेलं आता त्यांच्यापाशी टिकत नव्हतं. काळजी तेवढी टिकत होती.

ज्या दुपारी हे झालं, त्या दुपारी ती एका ग्रंथालयात शिडीवर होती. फोन वाजला. वरच्या काकू. काकूंचा श्वास वर-खाली होत होता, आणि त्यांच्या मागून चिमणीला एक आवाज ऐकू आला. तो तिनं आयुष्यात हजारदा वाजवला असेल. या वेळी तो तिच्या घरातून येत होता.

आप्पा सकाळी खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते आणि त्यांनी काडेपेटी मागितली होती. दुकानदारानं दिली. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या, नीट भांग पाडलेल्या म्हाताऱ्यानं काडेपेटी मागितल्यावर कोण नाही म्हणेल? वर येऊन त्यांनी लोखंडी घमेल्यात रद्दी भरली, स्टुलाच्या फळ्या मोडून वर रचल्या, आणि ओट्याखाली भट्टी पेटवली. ओट्याखालच्या लाकडी कपाटानं पेट घेतला होता. काकू आत शिरल्या तेव्हा आप्पा उलथणं घेऊन निखारे सारखे करत होते. जागचे हलेनात. काकू त्यांचा दंड धरून ओढत होत्या, आणि सत्तरीकडे झुकलेल्या बाईला कारखान्यात कसलेला दंड काय ओढवणार?

"येत नाहीयेत गं," काकू म्हणाल्या. "म्हणतायत, भोंगा झाला, पण माणूस आला नाही. मी काय करू?"

चिमणी शिडीवर तशीच होती. तिच्या डोक्यावरची डबी लुकलुकत होती. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. अग्निशमन दलाला कुणी फोन केलाय का, हे तिनं विचारलं. खालच्या मजल्यावरच्यांनी केला होता. यायला वेळ किती लागतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मग ती म्हणाली, "काकू, त्यांना सांगा, पुढच्या पाळीचा माणूस आला. तुम्हीच आलात म्हणून सांगा. भट्टी कशी आहे ते विचारा."

फोन बहुधा ओट्यावर ठेवला गेला. सायरनच्या आवाजात तिला शब्द कळेनात. एकदा काकूंचा खोकला ऐकू आला. मग आप्पांचा आवाज, मोठा, स्पष्ट, कित्येक दिवसांत ऐकला नव्हता इतका ठणठणीत.

"डावीकडून जरा कमी तापतेय," ते सांगत होते. "लक्ष ठेवा. आणि झाकण फार वेळ उघडं टाकू नका."

"बरं," काकू म्हणाल्या. "मी बघते. तुम्ही जा आता घरी."

नंतर फोन बंद पडला.

ती पोचली तेव्हा बंब रस्त्यात उभा होता आणि माणसं पाइप गुंडाळत होती. शेजारपाजार खाली जमलेला. आप्पा पायरीवर बसले होते, तळहातांना कुणीतरी ओलं फडकं गुंडाळलं होतं. भाजल्याचं त्यांना फारसं कळत नव्हतं. काकूंच्या भुवया करपल्या होत्या. चिमणीनं त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि तिला रडू फुटलं. काकूंनी तिची पाठ थोपटली आणि म्हणाल्या की जन्मात पहिल्यांदा मला कुणी कारखान्यात घेतलं.

स्वयंपाकघर काळं ठिक्कर पडलं होतं. छतावरचं यंत्र वितळून तारेला लोंबकळत होतं.

इमारतीतले लोक दोन दिवस काही बोलले नाहीत. मग काकूंच्या शेजारचं जोडपं आलं. त्यांच्याकडे तान्हं मूल होतं. त्यांनी चहाही घेतला नाही, नुसते अवघडून बसले. मुलाची आई एवढंच म्हणाली की मला आता झोप येत नाही. चिमणीला त्यांचा राग येईना. राग यायला हवा होता, म्हणजे सोपं गेलं असतं. तीच आजवर घराघरांतून सांगत आली होती की आग एका घरात लागते, पण एकाच घराची राहत नाही.

वृद्धाश्रम तिनं बराच शोधला. प्रत्येक ठिकाणी गेल्या गेल्या तिची मान वर जाई. एका बाईंनी शेवटी विचारलंच, की तुम्ही खाटा नाही बघणार? जिथं डब्या स्वच्छ होत्या, बाहेर पडायच्या दारांपुढं सामान रचलेलं नव्हतं आणि स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत होतं, ती जागा तिनं पक्की केली. खाट तिनं नंतर बघितली. ती खिडकीपाशी होती. बरी होती.

पोचवायला गेली त्या दिवशी आप्पांनी तिला निरोपाला हात केला. जणू तीच कुठं लांब निघाली होती.

तिथं पेटवायला काही नव्हतं, हरवायला रस्ता नव्हता. आप्पा सुरक्षित होते. तिला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि आप्पा दिवसेंदिवस कमी होत चालले होते. आधी त्यांनी भट्टीबद्दल बोलणं सोडलं. मग बूट मागणं सोडलं. तिथल्या नर्सनं एकदा कौतुकानं सांगितलं की परवा सायरनची चाचणी झाली, सगळे म्हातारे घाबरले, तुमचे वडील मात्र जागचे हलले नाहीत, इतके शांत. चिमणीनं मान डोलावली. बाहेर येऊन ती बसथांब्यावर बसून राहिली. तिची बस आली आणि निघून गेली.

कामावर ती जातच होती. काठी, पेला, फवारा. लोक विनोद करत, ती हसे. कुठं एकटी म्हातारी माणसं राहत असली तर ती तिथं जरा जास्त वेळ रेंगाळे, शेगडीकडे बघे, आणि काय सांगावं ते न सुचून पुढच्या दाराकडे वळे. जे सांगायचं, ते सगळं तिनं स्वतः करून पाहिलं होतं.

थंडी संपता संपता भाऊ आला. फोनवर उंटावरून शेळ्या हाकणारा हा माणूस वडिलांच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि त्याला पुढं पाऊल टाकवेना. चिमणीनंच त्याला आत नेलं. आप्पांचं वजन निम्म्यावर आलं होतं. तिघं बागेतल्या बाकावर जाऊन बसले, आप्पा मधोमध. भावानं त्यांना दोनदा 'आप्पा' म्हणून हाक मारली. त्यांनी सभ्यपणे त्याची विचारपूस केली, प्रवास कसा झाला, कुठून आलात. भाऊ बोलत राहिला, मुलांचं सांगत राहिला. मग सांगता सांगता मधेच थांबून तो झाडांकडे बघत बसला.

"ताई," थोड्या वेळानं तो आप्पांच्या डोक्यावरून म्हणाला, "तू मला तेव्हाच बोलवायला हवं होतंस."

"बोलावलं होतं," ती म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. "आणि तू येऊन तरी काय केलं असतंस? मी होतेच ना इथं."

ऊन बाकापर्यंत आलं. आप्पांनी डोळे मिटले, उघडले, आणि तिच्याकडे वळून जरा संकोचानं म्हणाले, "बाई, थोडं सरकून बसता का?"

"का हो?"

"माझी चिमणी येईल आता कामावरून. दमून येते बिचारी. तिला बसायला जागा ठेवतो."

भावानं मान खाली घातली. चिमणी बाकाच्या अगदी टोकाला सरकली, आणि मधे एका माणसापुरती जागा झाली. आप्पांनी त्या जागेवरची पानं हातानं झटकली. मग तिघंही फाटकाकडे बघत बसले.